उद्या पोली आणि मी

१

अहोकाका लिफ्टच्या खड्ड्यात सापडले. डबा दुसऱ्या मजल्यावरून सुटला होता आणि तळाशी येऊन आदळला होता. आत काका, त्यांची हत्यारांची पिशवी आणि फुटका चष्मा. ज्याने दार फाकवून त्यांना बाहेर ओढलं, त्याला ते म्हणाले, "अहो, जरा जपून, तुमच्या शर्टाला ग्रीस लागेल." एवढं बोलून ते जे बेशुद्ध झाले ते झालेच.

लिफ्ट बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या एका कंपनीत ते सगळ्यांत जुने तपासणारे. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. ते सगळ्या जगाला 'अहो' म्हणायचे म्हणून जग त्यांना अहोकाका म्हणायचं. जिन्यातल्या मांजराला ते "अहो, बाजूला होता का?" असं विचारायचे आणि मांजर व्हायचं. गंजलेल्या नटापुढे तिघांनी घाम गाळला असताना काका पाना लावून म्हणाले होते, "अहो, फिरा ना जरा." नट फिरला, एवढंच नाही तर आपणहून बाहेर येऊन त्यांच्या तळहातावर बसला. पाहणारे अजून हयात आहेत, त्यांना विचारा.

अशा माणसाबद्दल कुणाला वाईट बोलवत नाही. पण काका पडले त्याच दिवशी, पडण्याच्या थोडं आधी, त्यांच्या पत्त्यावरून कंपनीतल्या प्रत्येक माणसाला एक ईमेल गेला होता. मालकांनी सकाळी 'आपली सुरक्षितता, आपली जबाबदारी' असं एक परिपत्रक धाडलं होतं, त्याला हे उत्तर होतं, आणि ते सगळ्यांना गेलं होतं:

'सप्रेम नमस्कार. आपण शेवटी हेच केलं. जुना ब्रेक रंगवून नवा म्हणून बसवला. दाखल्यावर माझी सही ठोकली. सात मजल्यांची म्हातारी माणसं त्या गंजक्या लोखंडाला टांगून ठेवली. लाज सोडली. आज लिफ्ट बंद झाली नाही, तर उद्या पोली आणि मी. कळावे, लोभ असावा.'

लोकांनी ते एकदा वाचलं, मग एकमेकांच्या खांद्यावरून पुन्हा वाचलं. काका कबूल झाले होते. ब्रेक आपणच बदलला नाही, सही आपलीच, लाजही आपणच सोडली. इथपर्यंत सगळं सरळ होतं. शेवटच्या वाक्याने मात्र कचेरीचं काम दोन दिवस बंद पाडलं. उद्या पोली आणि मी. म्हणजे काका उद्या पळून जाणार होते, आणि एकटे नाही.

शनिवारी तो ईमेल कबुलीजबाब म्हणून सरकारी निरीक्षकाकडे जायचा होता. म्हणजे काका शुद्धीवर आलेच, तर खाटेवरून थेट कोठडीत. दवाखान्याच्या बाकावर काकू बसून होत्या. कुणीतरी त्यांनाही तो ईमेल दाखवला होता, दाखवणारे असतातच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच विचारत होत्या, आणि ते ब्रेकबद्दल नव्हतं.

"ही पोली कोण?"

२

विमा कंपनीने चौकशीला एक बाई पाठवल्या. नाव सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून जांभई आली.

ती जांभई मी काय वर्णावी! आधी खांदे वर गेले, मग डोळे मिटले, मग तोंड उघडलं ते मिटेचना. दारावरच्या पहारेकऱ्याने तिच्यामागे जांभई दिली, त्याच्या मागे स्वागतकक्षातल्या मुलीने, आणि ती लाट जिन्याने वर चढत तिसऱ्या मजल्यावर हिशेब खात्यापर्यंत पोचली. दुपारपर्यंत त्यांचं नाव जांभईबाई पडलं होतं.

बाई खरोखर थकलेल्या होत्या. गेली कित्येक वर्षं त्यांचं काम म्हणजे लोकांचे ईमेल वाचणं. "चोर पकडून दमत नाही हो मी," त्या म्हणायच्या, "पत्रं वाचून दमते. गळा धरायचा असतो, आणि लिहितात काय, लोभ असावा."

त्यांनी पाणी मागितलं. पाण्याच्या पिंपावर एक छापील सूचना चिकटवली होती: 'पाणी पिऊन झाल्यावर ग्ला विसळून ठेवावेत.' बाईंनी ग्ला विसळून घेतला, पाणी प्यायल्या आणि पुन्हा विसळून ठेवला.

"ही सूचना कुणाची?"

"शिस्तबाईंची," स्वागतकक्षातली मुलगी कुजबुजली. "ईमेलने आली होती, तीच छापून लावली. बोलू नका त्यांच्यापाशी, फार लागलंय त्यांना. आयुष्यात त्यांची वेलांटी चुकलेली नाही."

३

शिस्तबाई म्हणजे कचेरीच्या व्यवस्थापक. दर महिन्याला त्या सगळ्यांना बसवून ईमेलचे शिष्टाचार शिकवायच्या. विषय लिहा. उद्गारचिन्हांच्या माळा लावू नका. सगळ्यांना उत्तर पाठवायच्या आधी एक मोठा श्वास घ्या. त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बटणराव बसायचा, संगणक खात्याचा प्रमुख, तिशीतला. त्याची दाढी नीट होती, बाकी काही नीट नव्हतं. दोघांच्या मध्ये एक कपाट मुद्दाम आडवं लावलेलं होतं.

"माणसाला शिकवावं लागतं," शिस्तबाई म्हणाल्या. "आतून यायला हवं ते."

"आतून काय येतं ते मी बघितलंय, मॅडम," कपाटापलीकडून आवाज आला. "तुमच्या वर्गात पहिल्या रांगेत बसून दोघं एकमेकांना 'गाढवा' असा ईमेल करत होते. तुम्ही तेव्हा फळ्यावर 'सौजन्य' लिहीत होता."

"मग तू काय केलंस? माणसांच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबलास!"

"तू म्हणालात मला. लिहून पाठवा बघू हेच."

जांभईबाईंनी कपाटाला टेकून एक जांभई दिली. तिने दोघांचंही भांडण निम्म्यावर आलं.

"बोळा म्हणजे काय?"

बटणराव खुर्ची सरकवून पुढे आला. या सोमवारपासून त्याने कंपनीच्या ईमेलला एक यंत्रणा जोडली होती. तिचं नावही 'सौजन्य'च. कुणी 'तू' लिहिलं की यंत्रणा त्याचं 'आपण' करायची. क्रियापद तसं वळवून घ्यायची. कुणी 'अरे अमक्या' म्हणून सुरुवात केली की ते खोडून 'सप्रेम नमस्कार' घालायची, आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा.'

"आणि 'तुम्ही'?"

"तुम्हीला हात लावत नाही. तुम्ही सभ्यच आहे."

"मूळ पत्र कुठे राहतं?"

"कुठेच नाही," तो अभिमानाने म्हणाला. "असभ्य मजकूर जपून ठेवायचा, तर सौजन्य कसलं?"

"मग काकांचं पत्रही तुमच्या यंत्राने चावलेलं असेल की."

यावर मात्र ते दोघं, आयुष्यात पहिल्यांदा, एकाच वेळी एकच बोलले. "छे!"

"अहोकाका?" बटणराव हसला. "ते मला अहो म्हणतात. माझ्या उंदराला अहो म्हणतात, म्हणजे टेबलावरच्या. त्यांच्या पत्रात यंत्राला खायला काही मिळणारच नाही."

शिस्तबाईंनी मान हलवली. "मी वर्गात सांगितलं होतं, ग्राहकांना 'आपण' लिहा. ते म्हणाले, 'अहो ताई, तुम्ही म्हटलं की पुरे झालं, आपण म्हटलं की ते माझ्या पंगतीला येऊन बसल्यासारखं वाटतं.' समोरच्याला त्यांनी कधी आपण म्हटलेलंच नाही. त्यांचं आपण म्हणजे आम्ही. किंवा मी. आपण काही घाबरत नाही, म्हणतात ना, तसं." त्यांनी कपाटावरची धूळ बोटाने पुसली. "म्हणून तर वाईट वाटतं. ती कबुलीच आहे."

"आणि पोली?"

शिस्तबाई लाल झाल्या. "इतरांच्या खाजगी बाबतीत बोलू नये, हा माझ्या वर्गातला तिसरा धडा आहे."

जांभईबाईंनी ईमेलची प्रत काढली आणि एका शब्दाखाली नखाने रेघ ओढली. पोलीखाली नाही. 'माझी'खाली.

४

कोठीवाल्याच्या खोलीत तेलाचा, रबराचा आणि भीतीचा वास होता. सुटे भाग त्याच्या ताब्यात. म्हणून कचेरीतल्या निम्म्या लोकांनी त्याला काकांचा साथीदार ठरवून टाकलं होतं.

"नवा ब्रेक इथून गेला?"

"नाही."

"मग जुन्याला रंग कुणी दिला?"

"मला सांगितलं ते मी दिलं."

"कुणी सांगितलं?"

"वरून."

"वर म्हणजे?"

कोठीवाल्याने छताकडे पाहिलं. जांभईबाईंनीही पाहिलं. छताला एक पाल होती. तिने जांभई दिली.

"मॅडम, मला दोन लेकी आहेत," तो म्हणाला. "मी वर म्हणतो म्हणजे वर."

"काका तुम्हाला काय म्हणायचे?"

"अहो म्हणायचे. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा." त्याने डोळे पुसले, हाताला तेल होतं, ते गालाला लागलं. "त्यांना ब्रेकचं कळलं तेव्हा ते माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, 'अहो, तुम्ही घरी जा आज.' आणि पिशवी घेऊन निघाले. त्या लिफ्टला कुलूप लावायलाच गेले असणार."

वर मालक होते. प्रशस्त माणूस, खुर्चीच्या दोन्ही हातांवरून थोडा थोडा सांडलेला. खिडकीशी उभे राहिले की खोलीत ढग आल्यासारखं व्हायचं.

"फार दुर्दैवी," ते म्हणाले. "मी सुरक्षिततेवर दोन शब्द लिहिले आणि त्याला पाझर फुटला. माझ्याच पत्राला उत्तर लिहिलंय बघा, सगळ्यांसमोर. मोठेपणा आहे त्याचा. पण चूक ती चूक."

"ते तुम्हाला काय म्हणायचे?"

"साहेब. अहो साहेब. आणखी काय म्हणणार?" मालकांनी टेबलावरची कागदांची चवड उगाच नीट केली. "डॉक्टर काय म्हणतात? डोक्याला लागलंय ना? वाचेल तो. त्याचं डोकं लहानपणापासून टणक आहे."

जांभईबाईंची जांभई अर्ध्यावर थांबली. त्यांच्या नोकरीत असं फारसं झालेलं नव्हतं.

५

दवाखान्यात काकू डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डबा उघडलेला नव्हता.

"बसा बाई. तुम्ही दमलेल्या दिसता."

"तुम्हीही."

"मी नाही दमले. मी रागावलेय. पण माणूस बेशुद्ध असला की राग कुठे ठेवायचा कळत नाही." काकूंनी डब्याचं झाकण दाबलं, दाबलेलंच होतं ते. "एवढी वर्षं झाली संसाराला. मला अहो म्हणतात. मीही अहो म्हणते. एकदा बाजारात कुणी तिसरीनेच 'अहो' म्हटलं आणि आम्ही दोघंही वळलो. असा माणूस. आणि आता पोली! कशी असेल हो? तरुण असेल?"

"काकू, मला एक सांगा. त्यांनी कधी कुणाला 'तू' म्हटलंय?"

"देवाला."

"देव सोडून."

काकूंनी मान वळवून पाहिलं. खाटेवर काकांचा श्वास संथ चालू होता, अगदी विचारून चालल्यासारखा.

"एकाला," त्या म्हणाल्या. "फोनवर. दार लावून घ्यायचे. आतून हसू ऐकू यायचं, एरवी असे हसत नाहीत ते. एकदा चहा घेऊन गेले तर ऐकलं, 'अरे खडू, तुला आठवतं का रे.' मला बघून फोन ठेवला."

"खडू?"

"खडू. पांढरा, फळ्यावरचा. शाळेतला कुणी असेल. मी विचारलं नाही. दार लावून बोलतात म्हणजे विचारू नये, एवढं आमच्याकडे पाळतो." त्यांनी बाईंचा हात धरला. "ती पोली त्या खडूची बहीण असेल का?"

जांभईबाई उठल्या. "काकू, पोली कोण ते मला कळलंय. उद्या दुपारी सांगते. तोवर त्या डब्यातलं काहीतरी खा."

"बाई आहे की नाही, एवढं तरी सांगा!"

"मिशा असतात बहुतेक तिला," जांभईबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

६

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर चौघे बैठकीच्या खोलीत जमले. शिस्तबाई आणि बटणराव दोन टोकांना, कोठीवाला दाराजवळ, मालक मध्ये. बाहेर कुणीतरी भिंतीला भोकं पाडत होतं आणि दार उघडं असल्यामुळे ती भोकं थेट डोक्यात पडत होती.

"मॅडम," जांभईबाई शिस्तबाईंना म्हणाल्या, "तुम्ही पिंपावरच्या सूचनेत 'ग्ला' लिहिलंत?"

"मी ग्लास लिहिलं होतं! स्वतः तपासलं होतं! माझी या कचेरीत जी शोभा झाली..."

"मग स कुठे गेला?"

बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या.

"बटणराव, 'तू पत्र वाचलंस' याचं तुमचं यंत्र काय करतं?"

"आपण पत्र वाचलं. शेवटचा स काढायचा, सोपं आहे. लंस, लास, लीस, काहीही असो, स उडव..." त्याचं तोंड उघडंच राहिलं. या वेळी ती जांभई नव्हती. "ग्लास. अरे देवा. ग्लास क्रियापद नाही."

"तुमच्या यंत्राला ते कुणी सांगितलं नाही. त्याला वाटलं, ग्लासही कुणालातरी अरेतुरे करतोय." बाईंनी ईमेलची प्रत टेबलावर ठेवली. "आता लीस वाला एक शब्द या पत्रात शोधा, ज्याचा स खाल्लाय."

शिस्तबाईंनी तोंडावर हात ठेवला. "पोलीस!"

"आज लिफ्ट बंद झाली नाही, तर उद्या पोलीस आणि मी. ही तुमची पोली. काकू दोन दिवस उपाशी आहेत तिच्यापायी."

बटणरावाने डोकं धरलं. पण तो काही मूर्ख नव्हता. "थांबा. यंत्राने पत्राला तोंड लावलं, कबूल. पण काकांनी 'तू' लिहिलं होतं हे कशावरून? आपण त्यांचंच असेल."

"'माझी'वरून. दाखल्यावर माझी सही ठोकली. इथे आपण म्हणजे मी असतं, तर काकांनी लिहिलं असतं, आपण आपली सही ठोकली. माझी सही म्हटलंय, म्हणजे सही एकाची आणि ठोकणारा दुसरा. हे पत्र कबुलीचं नाही, जाब विचारणारं आहे. आता समोरच्याला काका आपण म्हणत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्ही म्हणतात. आणि तुम्हीला यंत्र शिवत नाही. मग हे आपण आलं कुठून? एकाच शब्दातून येऊ शकतं. वर बघा, सप्रेम नमस्कार. काकांचं प्रत्येक पत्र अहोने सुरू होतं, आणि अहोलाही यंत्र हात लावत नाही. हे सुरू झालं होतं अरेने." त्यांनी कागद न बघता म्हणून दाखवलं. "अरे अमक्या, तू शेवटी हेच केलंस. जुना ब्रेक रंगवून नवा म्हणून बसवलास. दाखल्यावर माझी सही ठोकलीस. म्हातारी माणसं टांगून ठेवलीस. लाज सोडलीस."

बाहेरचं भोकं पाडायचं यंत्र क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"तेव्हा प्रश्न एवढाच," बाई म्हणाल्या, "काका जगात कुणाला अरे म्हणतात?"

"मला नाही," बटणराव पटकन म्हणाला.

"मलाही नाही," कोठीवाला म्हणाला.

"हे फार ताणलेलं वाटतं," मालक म्हणाले. "सहीची तपासणी करा, आणखी काय करायचं ते करा. एका स वरून माणसाला फाशी द्यायची का?"

"बरोबर आहे," जांभईबाई म्हणाल्या. त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसल्या. "मलाही थकवा आलाय. उरलेलं उद्या बघू."

आणि त्यांनी जांभई दिली. आजवरच्या साऱ्या जांभया तिच्या तालमी होत्या असं म्हणावं लागेल. खिडकीचे पडदे आत ओढले गेले. शिस्तबाईंनी शिष्टाचार सोडून आ वासला, बटणरावाचं डोकं टेबलाला टेकलं, कोठीवाला उभ्याउभ्या पेंगला. मालकांच्या पापण्या मिटल्या, खांदे सैल झाले, आणि त्या एवढ्या मोठ्या देहात कुठेतरी खोल, कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला एक किडकिडीत मुलगा दिसायला लागला. बाहेरची भोकं चालूच होती.

"अरे खडू," जांभईबाई झोपाळू आवाजात म्हणाल्या, "दार लाव ना रे."

"लावतो रे," मालक म्हणाले, उठले, दारापर्यंत गेले आणि दार लावलं.

खोलीत एकदम शांत झालं. मालक कडीवर हात ठेवून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा चौघेही टक्क जागे होते.

"ब्रेकला द्यायच्या राखाडी रंगाचा डबा साहेबांनीच मागवला होता," कोठीवाला भिंतीकडे बघत म्हणाला. "आता वर बघायला नको. समोरच आहेत."

मालक दाराजवळच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "नवा ब्रेक यायचाच होता. थोडे दिवस काढायचे होते फक्त. सही..." ते हसल्यासारखं करून थांबले. "शाळेत त्याच्या प्रगतिपुस्तकावर त्याच्या वडिलांची सही मीच करायचो. तेव्हा तो माझ्या पाया पडायचा. मी कंपनी काढली, तशी त्यानेच ठरवलं, चारचौघांत साहेब म्हणायचं. घरी फोन केला की मग खडू. मी इतका पांढरा आणि बारीक होतो तेव्हा. आता सांगितलं तर कुणाला पटेल?"

"तुम्हाला तर त्या पत्रातला तू लगेच कळला असेल."

"पहिल्या ओळीत," मालक म्हणाले. "आणि दुसऱ्या ओळीला कळलं, की दुसऱ्या कुणाला कळणार नाही."

७

काका त्या संध्याकाळी शुद्धीवर आले. पहिले शब्द, "अहो, पाणी मिळेल का?"

काकूंनी पाणी दिलं, रडल्या, आणि मग सगळ्यांसमोर त्यांना पोलीची गोष्ट सांगितली. काका हसले, तेव्हा बरगड्या दुखल्या, म्हणून माफी मागितली. कुणाची ते कळलं नाही, बहुधा बरगड्यांची.

बटणराव पायाशी उभा होता. त्याने दुपारीच यंत्राचा गळा दाबला होता. "काका, एक विचारू? सगळ्यांना आलेल्या पत्राला उत्तर दिलं की पाठवायच्या आधी एक खिडकी येते. नक्की सर्वांना पाठवायचं का, असं विचारते. ती मीच बसवलीय. तुम्ही होय का दाबलंत?"

"बघा," शिस्तबाई म्हणाल्या. "वर्गात मी हेच सांगत होते. मोठा श्वास घ्या."

"अहो, मला त्याला एकट्यालाच लिहायचं होतं," काका म्हणाले. "त्याची अब्रू कशाला चव्हाट्यावर? पण ती खिडकी आली. 'आपण कृपया हे पत्र सर्वांना पाठवू इच्छिता काय?' इतक्या अदबीने मला कुणी काही विचारलेलं नाही. नाही कसं म्हणायचं?"

शिस्तबाई आणि बटणराव एकमेकांकडे बघत राहिले. दोघांपैकी कोण जिंकलं ते दोघांनाही सांगता येईना. यंत्राने पत्राचं तोंड बांधलं होतं आणि माणसाच्या भिडेने ते चव्हाट्यावर नेलं होतं; ते एकट्या खडूला गेलं असतं, तर कायमचं त्याच्याच पेटीत राहिलं असतं. जांभईबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपल्या होत्या. कुणी उठवलं नाही.

मग दारात पोली आली. दोन होत्या, दोघींनाही मिशा होत्या. काकूंनी त्यांना नीट निरखून पाहिलं आणि पदरात तोंड लपवून हसू दाबलं. त्या दोघींच्या मध्ये मालक उभे होते. जायच्या आधी एकदा भेटू द्या, अशी त्यांनी विनंती केली होती.

ते खाटेजवळ आले. खाटेची कड धरून उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "तू येशील ना रे मला भेटायला?"

कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली. काका उशीवरून थोडे वर सरकले, पाहुणा आला की सरकावं तसे.

"अहो साहेब," ते म्हणाले, "आपण बसा ना."

त्या आपणमध्ये काका नव्हते. मालकांना ते कळलं. ते बसले नाहीत.